निवृत्त रुग्णवाहिका आणि तिच्या तारा

महाशिवरात्रीला परळीस येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या पाहिल्या, तर चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही हे ध्यानी येते. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. 15 वर्षांवरील सरकारी गाड्यांची पुनर्नोंदणी 2023 पासून बंद असली, तरी खासगी रुग्णवाहिका विकत घेऊन तिचे फिरते घर करता येते. मात्र चर्चा होते ती बिछान्याची आणि पडद्यांची. भोंगा, दिवे, वैद्यकीय यंत्रे यांसाठी टाकलेल्या तारा पत्र्याआड तशाच राहतात आणि त्यांपैकी काही जिवंत असतात.

औष्णिक वीज केंद्राच्या या गावात हा हिशेब अवघड वाटू नये. 240 वॅटच्या उपकरणाला घरच्या 230 व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर प्रवाह लागतो. गाडीच्या 12 व्होल्टवर तोच 20 अँपिअर होतो. म्हणून तार जाड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगत हवा, कारण तो रक्षण करतो तारेचे, पंख्याचे नव्हे. गाडीचा सांगाडाच ऋण वाहक असल्याने पत्र्यावर घासून सोललेली एक तारही आग लावू शकते. दिव्या-पंख्यांसाठी बॅटरी स्वतंत्र असावी. 100 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली, तरी 30 वॅटचा भार 20 तास चालतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार अशा फेरबदलास परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. कित्येकांना हा जाच वाटतो. आम्हांस वाटत नाही. ज्या गाडीत मुलेबाळे दारे लावून निजणार, तिच्या तारा परक्या डोळ्यांनी पाहिल्याच पाहिजेत. भोंगा तर पहिल्याच दिवशी उतरवावा.