कॅसेटमधले पाढे

आइंडहोवनच्या आमच्या शेजारच्या आजींनी एक कॅसेट दिली. गाण्यांची नव्हे. दिवंगत आजोबा शाळामास्तर; त्यांनी फिलिप्सच्या एमएसएक्स संगणकासाठी लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम तिच्यात होता. १९८०च्या दशकात प्रोग्राम आवाजाच्या रूपात कॅसेटवर ठेवत. इथला एनओएस तर ‘बेसिकोड’चे प्रोग्राम रेडिओवरून ऐकवी नि लोक ते टेप करून घेत!

कॅसेटची लॅपटॉपवर फाईल केली, लेकीच्या टॅबलेटवरच्या एम्युलेटरमध्ये घातली. दोनदा एरर. टेपचं हेड स्पिरिटनं पुसून पुन्हा रेकॉर्ड केलं, तेव्हा कुठे ‘फाउंड’ उमटलं. मग प्रश्न: ‘हू हेट ये?’ तुझं नाव काय?

लेक टाईप करणार, तोच आजींनी टॅबलेट ओढून स्वतःचं नाव घातलं. सातच्या पाढ्यात त्या दोनदा चुकल्या. मी शाळेतली बाई असूनही गप्प बसले.