तेलवाहिन्यांच्या नियंत्रण कक्षांतील इशाऱ्यांचे नियमन

खनिज तेल वाहून नेणारी वाहिनी शेकडो मैल पसरलेली असते. तिच्यावर देखरेख करणारा नियंत्रक मात्र तिच्यापासून फार दूर, एका बंद कक्षात बसलेला असतो. वाहिनी त्याला दिसत नाही, तिचा आवाज त्याला ऐकू येत नाही, फुटल्यास तेलाचा वासही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ठिकठिकाणच्या पंपगृहांतून व झडपांवरून दाब, प्रवाह व तापमान यांची मापे ‘स्काडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेमार्फत त्याच्या पडद्यावर उमटत राहतात, आणि एखादे माप ठरविलेली मर्यादा ओलांडू लागले की यंत्रणा त्यास इशारा देते. नियंत्रकाला वाहिनीचे जे ज्ञान होते ते अशा रीतीने सर्वस्वी परोक्ष असते. म्हणूनच हे इशारे किती असावेत, कोणते असावेत व त्यांचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न केवळ यंत्ररचनेचा राहत नाही.

इशारा म्हणजे काय?

यंत्रणेने दिलेली प्रत्येक सूचना हा इशारा नव्हे. अमेरिकेतील ‘आयएसए १८.२’ या २००९ सालच्या प्रमाणकात इशाऱ्याचे लक्षण असे केले आहे की, तो उपकरणातील बिघाड, प्रक्रियेतील विचलन किंवा अस्वाभाविक अवस्था दर्शवितो आणि त्यावर नियंत्रकाने काही कृती करणे आवश्यक असते. या लक्षणातील उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा होय. पंप ठरल्याप्रमाणे बंद झाला, ही केवळ वार्ता आहे. ती नोंदवून ठेवावी, परंतु त्यासाठी घंटा वाजविण्याचे कारण नाही. ज्यावर काहीच करावयाचे नसते असा इशारा नियंत्रकाला एकच गोष्ट शिकवितो, ती म्हणजे इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे.

जुन्या काळी प्रत्येक इशाऱ्यासाठी वेगळी तार व वेगळा दिवा बसवावा लागे. खर्च व जागा यांमुळे इशाऱ्यांच्या संख्येस आपोआप आळा बसत असे. संगणकीय यंत्रणेत नवा इशारा निर्माण करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे त्यांची संख्या बेसुमार वाढली. याचा परिणाम २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसून आला. स्फोटापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत तेथील दोन कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे आले. म्हणजे सरासरीने दर अडीच सेकंदांस एक. एवढ्या अवधीत इशारा वाचणेही कठीण, मग त्यावर विचार करणे दूरच राहिले. या अनुभवानंतर ब्रिटनमध्ये १९९९ साली ‘ईईएमयूए १९१’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. नित्याच्या परिस्थितीत दहा मिनिटांस एकाहून अधिक इशारा नसावा आणि मोठ्या बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतही ही संख्या दहाच्या आत राहावी, असे तिचे सर्वसाधारण प्रमाण आहे.

मार्शल येथील दुर्घटना

परंतु इशाऱ्यांची संख्या कमी केली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे चुकीचे ठरेल. २५ जुलै २०१० रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्शल या गावाजवळ एनब्रिज कंपनीची ३० इंच व्यासाची ‘६ बी’ ही तेलवाहिनी फुटली. वेळ सायंकाळी ५ वाजून ५८ मिनिटांची होती, आणि त्याच सुमारास वाहिनी पूर्वनियोजित रीतीने बंद करण्याचे काम संपत आले होते. नियंत्रण कक्ष कॅनडातील एडमंटन येथे होता. दाब उतरल्याचे इशारे तेथे आले. परंतु वाहिनी बंद करताना दाब उतरणे अपेक्षितच असल्याने ते त्या कामाचाच भाग समजले गेले.

आत गेलेले तेल व बाहेर पडलेले तेल यांचा ताळेबंद मांडून गळती ओळखणारी एक स्वतंत्र यंत्रणाही तेथे होती. तिनेही इशारे दिले. त्यांचा अर्थ मात्र ‘स्तंभभंग’ असा लावण्यात आला. उंचसखल प्रदेशातील वाहिनीत दाब फार उतरला तर उंचवट्यावर द्रवाची वाफ होऊन पोकळी निर्माण होते व तेलाचा सलग स्तंभ तुटतो. अशा वेळी ताळेबंद जुळत नाही. गळतीच्या वेळीही तो जुळत नाही. दोन भिन्न कारणांचे पडद्यावरील रूप एकच असते, आणि खरी अडचण येथेच आहे.

तथापि हा भेद ओळखण्याचा एक मार्ग आहे. पोकळीला मर्यादित आकार असतो. पंप सुरू केल्यावर ती ठराविक वेळात भरते व दाब पूर्ववत होतो. फुटलेली वाहिनी कितीही तेल ओतले तरी भरत नाही. कंपनीच्या नियमावलीत याविषयी मर्यादा घातलेली होती: स्तंभभंगाचे निराकरण दहा मिनिटांत न झाल्यास वाहिनी बंद करावी. प्रत्यक्षात २६ जुलैच्या पहाटे व सकाळी वाहिनी दोनदा सुरू करण्यात आली, इशारे पुन्हा आले, आणि दहा मिनिटांची मर्यादा ओलांडून पंप चालू ठेवण्यात आले. पोकळी भरत नाही, याचा अर्थ ती फार मोठी असावी असा घेतला गेला. वाहिनी फुटली असावी ही शंका मागे पडली.

अखेर सकाळी ११ वाजून १७ मिनिटांनी एका स्थानिक गॅसपुरवठा कंपनीच्या कर्मचाऱ्याने दूरध्वनीवरून कळविले, तेव्हा गळतीचा उलगडा झाला. तोपर्यंत सतरा तासांहून अधिक काळ लोटला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालानुसार ८,४३,४४४ गॅलन, म्हणजे सुमारे ३२ लाख लिटर तेल बाहेर पडले व ते टॅल्मज ओढ्यातून कॅलमझू नदीत पसरले. मनुष्यहानी झाली नाही. परंतु सुमारे ३२० लोकांनी तेलाच्या संसर्गाशी सुसंगत अशा त्रासाच्या तक्रारी नोंदविल्या. यांपैकी ८१ टक्के तेल त्या दोन प्रयत्नांच्या वेळी वाहिनीत ढकलले गेले होते. म्हणजे हानीचा फार मोठा भाग वाहिनी फुटल्यामुळे नव्हे, तर इशाऱ्याचा अर्थ चुकल्यामुळे झाला.

नियमनाची अंगे

अमेरिकन शासनाने तेलवाहिन्यांच्या नियंत्रण कक्षांसंबंधीचे नियम डिसेंबर २००९ मध्येच प्रसिद्ध केले होते. दुर्घटनेच्या वेळी त्यांच्या पालनाची मुदत उलटलेली नव्हती. या नियमांनुसार प्रत्येक कंपनीस इशाऱ्यांच्या नियमनाची लेखी योजना असणे आवश्यक आहे. सुरक्षिततेशी संबंधित कोणते इशारे दडपून ठेवले आहेत, कोणते खोटे ठरले आणि कोणती मापे हाताने भरलेली आहेत, याची दरमहा छाननी करावी लागते. इशाऱ्यांच्या मर्यादा योग्य आहेत की नाहीत याची पडताळणी दरवर्षी करावी लागते, आणि नियंत्रकावर पडणाऱ्या एकूण कामाच्या भाराचेही मापन करावे लागते.

यांतील यांत्रिक उपाय तुलनेने सोपे आहेत. मर्यादेच्या आसपास हेलकावणाऱ्या मापामुळे इशारा पुनःपुन्हा वाजत असेल, तर तो देण्याची व मागे घेण्याची मर्यादा यांत थोडे अंतर ठेवावे. बंद पंपावरील निरर्थक इशारे पंपाच्या अवस्थेनुसार आपोआप थांबवावेत. हानीची तीव्रता व कृतीस उपलब्ध असलेला वेळ यांवरून इशाऱ्यांचा अग्रक्रम ठरवावा. मात्र यांपैकी दुसऱ्या उपायाचा अवलंब करताना मार्शलचे उदाहरण डोळ्यांपुढे असावे. तेथे वाहिनी बंद होत असतानाच ती फुटली. ज्या अवस्थेत दाब उतरणे स्वाभाविक, त्याच अवस्थेत ते अनर्थसूचकही होते. अवस्थेनुसार इशारा थांबविणे योग्य असले, तरी त्या अवस्थेला कालमर्यादा नसेल तर ते घातक ठरते.

यावरून एक निष्कर्ष निघतो. निर्दोष स्पष्टीकरण सदैव हाताशी असते, आणि थकलेले किंवा घाईत असलेले मन ते प्रथम उचलते. दहा मिनिटांच्या नियमाचे प्रयोजन नेमके हेच होते: दोन अर्थ संभवत असता वाद घालण्याऐवजी ठराविक क्षणी अधिक घातक अर्थ खरा मानून पंप बंद करावेत. विनाकारण बंद केलेली वाहिनी काही तासांत पुन्हा सुरू करता येते. नदीत गेलेले तेल परत घेता येत नाही. इशाऱ्यांचे नियमन करताना घंटा कधी वाजावी हे जसे ठरवावयाचे असते, तसेच ती वाजल्यावर नियंत्रकाने किती वेळ शंकेत राहावे हेही ठरवावयाचे असते. आणि ती वेळ संपताच वाहिनी बंद करणाऱ्या नियंत्रकाला त्याबद्दल कधीही जाब विचारला जाणार नाही, याची हमी संस्थेने त्यास दिलेली असावी लागते.