रुग्णालयातील बुरशीचा माग

रोगजंतू म्हटला की सामान्य मनुष्याच्या मनात जिवाणू किंवा विषाणू येतो. बुरशी म्हणजे लोणच्यावर वा ओल्या भिंतीवर धरणारी वस्तू, अशीच आपली समजूत असते. ती ज्या बुरशीने खोटी ठरविली तिचे नाव कॅन्डिडा ऑरिस. लॅटिन भाषेत ऑरिस म्हणजे कान. जपानमधील एका वृद्ध स्त्रीच्या कानातून घेतलेल्या नमुन्यावरून २००९ साली तिचे प्रथम वर्णन झाले. पुढे ती अतिदक्षता विभागांतील रुग्णांच्या रक्तात सापडू लागली. २०११-१२ साली भारतातील अशा २७ विभागांतून गोळा केलेल्या नमुन्यांत १९ ठिकाणी ती आढळली. रक्तात शिरल्यावर, मुळातच गंभीर आजारी असलेल्या रुग्णांपैकी निदान तिसरा हिस्सा दगावतो.

बुरशीची पेशी रचनेने मनुष्याच्या पेशीला बरीच जवळची. एकीला मारील आणि दुसरीला सोडील असे औषध शोधणे म्हणून अवघड. अशा औषधांचे वर्ग मोजकेच आहेत. त्यांतील फ्लुकोनॅझोलला ही बुरशी बहुधा दाद देत नाही, आणि तिचे काही वाण तर अनेक वर्गांना पुरून उरतात. शिवाय ती त्वचेवर, पलंगाच्या कठड्यावर, उपकरणांवर दीर्घकाळ टिकते. ऑक्सफर्ड येथील एका रुग्णालयात ती ७० रुग्णांपर्यंत पोहोचली. काखेत लावून ताप मोजण्याची, पुन्हा पुन्हा वापरली जाणारी साधने तिचे वाहन झाली होती. ती काढून घेतल्यावर साथ ओसरली, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

असा माग काढावयाचा तर प्रथम ओळख पटली पाहिजे. कोणती साखर पचते यावर आधारलेल्या नेहमीच्या चाचण्या येथे फसत, आणि अहवालात तिच्या एखाद्या भाऊबंदाचे नाव उमटे. चुकीच्या नावाची साथ कागदावर साथच नसते!

बेंगळुरूजवळील जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथे डॉ. कौस्तुव सान्याल आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाला हात घातला. या बुरशीची चार मुख्य घराणी आहेत: दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी. प्रत्येकाच्या जनुकसंचात दुसऱ्यात न आढळणारे असे काही सांधे असतात. ते हेरून २०२२ साली त्यांनी एक सोपी चाचणी सुचविली. प्रयोगशाळेत वाढविलेल्या वसाहतीचा कण घेऊन तो सांधा तेवढा वाढवून पाहावयाचा. संपूर्ण जनुकसंच वाचण्याचा खटाटोप नको. पूर्वी पाऊलखुणांवरून चोराचा माग वेशीपर्यंत नेऊन तो पुढील गावाच्या स्वाधीन करीत. एका रुग्णालयातून दुसऱ्यात रुग्ण हलविताना ही ओळख तशीच पुढे देता येईल. अर्थात रक्त संवर्धनासाठी पाठविलेच नाही, तर वसाहतही नाही आणि चाचणीही नाही.

त्याच वर्षी तेथील दुसऱ्या एका प्रयोगात अधिक विलक्षण गोष्ट दिसली. औषधाला वश होणारा एक वाण फ्लुकोनॅझोलच्या सान्निध्यात वाढवीत नेला, तेव्हा त्याने एक जादा गुणसूत्र कमावले आणि औषध निष्प्रभ झाले. ते गुणसूत्र गमावताच औषध पुन्हा लागू पडू लागले. तेव्हा एखाद्या रुग्णाचा पहिला नमुना औषधाला वश होणारा निघाला, म्हणून उपचार चालू असता पुढील आठवड्यातीलही तसाच निघेल असे धरून चालता येत नाही.