स्वस्त घराचा ताबा

थकलेल्या कर्जापोटी बँकेनं लिलावात काढलेल्या घराची जाहिरात वर्तमानपत्रात आली, की मित्र मला विचारतात, ‘घ्यावं का?’ मी आधी एकच शब्द पाहायला सांगतो : ताबा. तो ‘प्रतीकात्मक’ असेल, तर दारावर बँकेची नोटीस असते आणि आत बहुधा कुटुंब राहत असतं. कवितेत प्रतीक शोभतं. घरात शिरायला चावी लागते.

हे लिलाव २००२च्या सरफेसी कायद्याखाली होतात. फायदा खरा आहे : भाव बऱ्याचदा बाजारापेक्षा कमी, मूळ कागदही सहसा बँकेकडेच. पण बोली आपली ठरली, की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची. उरलेली विक्री कायम झाल्यावर साधारण १५ दिवसांत. चुकलात, तर भरलेले पैसे जातात. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीमुळे सोसायटीची थकबाकी नि घरपट्टीही बहुधा आपल्याच माथी येते. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला, तर ताबा आणखी लांबू शकतो.

म्हणून वकिलाकडून कागद तपासून घ्या, कर्जाची सोय आधी करा, घर स्वतः पाहून या. तिथं आवाज मात्र खाली ठेवा. आपल्याला स्वस्तात मिळणारं ते घर कुणाचं तरी जात असतं.