असं का होतं? : बटण बदललं, मथळा बिघडला

जुन्या वाड्यात एक बटण दाबावं आणि शेजारच्या खोलीतला पंखा बंद पडावा, तसं दुसऱ्याने बांधलेली वेबसाइट हाती घेतल्यावर होतं. बटणाचा रंग बदलला, तर भलत्याच पानावरचा मथळा बिघडतो. का?

पानाचा सांगाडा एचटीएमएलचा, रंगरूप सीएसएसचं. १९९४ मध्ये हाकोन व्हिउम ली यांनी सुचवलेल्या सीएसएसच्या नावातच ‘कॅस्केडिंग’ म्हणजे धबधब्यासारखं टप्प्याटप्प्याने उतरणं आहे. अनेक पानांना मिळून रंगरूपाच्या नियमांची बहुधा एकच वही असते, म्हणून एकीकडचा बदल दुसरीकडेही उमटतो. दोन नियम भांडले, तर अधिक नेमका जिंकतो: ‘सगळी बटणं निळी’पेक्षा ‘फॉर्ममधलं बटण हिरवं’ वरचढ. तुल्यबळ असतील, तर नंतर लिहिलेला. घाईत कुणी एखाद्या नियमावर ‘इम्पॉर्टंट’चा शिक्का मारला, की तो साध्या नियमांना जुमानत नाही. मग त्याला हरवायला पुढचा माणूसही तोच शिक्का मारतो. निरुपयोगी नियमसुद्धा भीतीपोटी कुणी पुसत नाही. माझ्या मते गोंधळाचं मूळ ही भीतीच.

म्हणून ती भीती घालवा; सगळं पाडून नव्याने बांधायला धावू नका. आधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या, एका वेळी एकच नियम बदला आणि चित्रं ताडून पाहा.