विमान न उतरवण्याचा निर्णय : वैमानिककक्षात आणि त्याआधी

गुरुग्राम : दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाला लागून असलेल्या या शहरात प्रवासी विमाने उतरत नाहीत. तथापि, देशातील बहुसंख्य प्रवासी विमाने कशी उतरावीत, यासंबंधीचे कंपन्यांचे नियम येथूनच लागू होतात. इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि स्पाइसजेट या कंपन्यांची मुख्यालये गुरुग्राममध्ये आहेत. वैमानिकांना प्रशिक्षण देणारी सिम्युलेटर केंद्रेही येथे आहेत. धावपट्टी समोर दिसत असताना विमान न उतरवता पुन्हा वर नेणे, म्हणजेच ‘गो-अराउंड’, हा निर्णय वैमानिककक्षात काही सेकंदांत घेतला जातो. त्याची पार्श्वभूमी मात्र अनेकदा जमिनीवरील कार्यालयांत तयार झालेली असते.

धावपट्टीकडे येणारे विमान ठरावीक उंचीपर्यंत ‘स्थिर’ व्हावे, असा संकेत आहे. ढगाळ वातावरणात ही मर्यादा साधारणपणे १,००० फूट, तर दृश्यमानता स्वच्छ असल्यास ५०० फूट मानली जाते. तोपर्यंत चाके खाली आलेली असावीत, वेग मर्यादेत असावा, विमान सुमारे तीन अंशांच्या उतारावर असावे आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला १,००० फुटांपेक्षा अधिक नसावा. यातील एकही अट पूर्ण होत नसेल, तर विमान वर न्यावे, असे नियम सांगतो. प्रत्यक्षात काय घडते? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार, अस्थिर अवस्थेत धावपट्टीकडे आलेल्या विमानांपैकी सुमारे ९७ टक्के विमाने तशीच उतरवली जातात. त्यातील बहुतेक सुखरूप उतरतात आणि तीच खरी अडचण आहे. दर वेळी नियम मोडूनही काही बिघडत नाही, असा अनुभव वैमानिकाच्या गाठीशी जमत जातो.

या सवयीची किंमत भारताने दोनदा मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. विमान अपेक्षेपेक्षा बरेच उंच होते आणि सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ असा इशारा एकदा नव्हे, अनेकदा दिला होता. सुमारे २,४५० मीटर लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली, तेव्हा पुढे जेमतेम साडेआठशे मीटर उरले होते. त्यानंतर मुख्य वैमानिकाने विमान पुन्हा वर नेण्याचा प्रयत्न केला. परंतु तोपर्यंत उशीर झाला होता.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोड येथे याच कंपनीचे विमान मुसळधार पावसात धावपट्टीपलीकडे कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. विमानाचे सारथ्य करणारे कॅप्टन दीपक साठे हे भारतीय हवाई दलातील माजी विंग कमांडर आणि परीक्षण वैमानिक होते. त्यांचे आईवडील नागपूरला राहत असल्याने महाराष्ट्रात या दुर्घटनेची हळहळ अधिक जाणवली. साठे यांच्या कौशल्याविषयी कोणाला शंका नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्या प्रयत्नात त्यांनी स्वतःच विमान वर नेले होते. दुसऱ्या प्रयत्नात, पाठीमागून वारा असताना, विमान धावपट्टीवर तरंगत पुढे गेले आणि जवळपास मध्यावर टेकले. त्याआधी सहवैमानिकाने क्षीण आवाजात ‘गो-अराउंड’ म्हटल्याची नोंद आहे.

विमान अपघात अन्वेषण विभागाने २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कार्यपद्धतीचे उल्लंघन हे संभाव्य कारण असल्याचे त्यात म्हटले आहे. परंतु अहवाल तेथेच थांबत नाही आणि त्याचा हाच भाग अधिक बारकाईने वाचण्याजोगा आहे. साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून उड्डाण करायचे होते. विमान अन्यत्र वळवले असते, तर कामाच्या तासांच्या मर्यादेमुळे ते त्या उड्डाणासाठी उपलब्ध राहिले नसते. कोझिकोड येथे कॅप्टनची संख्या अपुरी होती. उतरण्याचा आग्रह त्यातून निर्माण झाला असावा, असे अन्वेषकांनी नमूद केले. म्हणजेच, कामाचे वेळापत्रक आणि मनुष्यबळाचे नियोजनही त्या रात्री निर्णयात सहभागी होते. कंपनीचे मुख्यालय त्या वेळी कोची येथे होते. आज ते गुरुग्राममध्ये आहे.

सहवैमानिकाच्या मौनाचा प्रश्नही तेवढाच कठीण आहे. इशाऱ्याला प्रतिसाद न मिळाल्यास त्याने नियंत्रण हाती घ्यावे, अशी तरतूद नियमावलीत असते. दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेल्या वरिष्ठाच्या हातून नियंत्रण काढून घेणे मात्र, नियमाने मुभा दिली तरी, तरुण वैमानिकाला सहज जमत नाही. दोन्ही अपघातांत ते झाले नाही.

गो-अराउंडला स्वतःचे धोके आहेत, हेही खरे. १६ ऑगस्ट २०२५ रोजी खराब हवामानात बँकॉकहून मुंबईला आलेले इंडिगोचे एअरबस ए३२१ विमान कमी उंचीवरून पुन्हा वर जात असताना त्याची शेपटी धावपट्टीला घासली. ते नंतर सुरक्षित उतरले. त्याआधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, दोहाहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या विमानाने कोची आणि तिरुवनंतपुरम येथे वारंवार प्रयत्न केले. ते उतरले, तेव्हा टाकीत नाममात्र इंधन उरले होते. तेथे पुरेशा इंधनासह वेळेत अन्यत्र वळणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. सिम्युलेटरमध्ये गो-अराउंडचा सराव बहुधा एक इंजिन बंद असल्याचे गृहीत धरून होतो. दोन्ही इंजिने पूर्ण जोरात असताना, अचानक आणि जमिनीलगत करावा लागणारा गो-अराउंड तुलनेने कमी घोटला जातो. फ्रान्सच्या अन्वेषण संस्थेने २०१३ मध्येच या उणिवेकडे लक्ष वेधले होते.

एका गो-अराउंडला काहीशे किलो इंधन आणि साधारण दहा ते पंधरा मिनिटे लागतात. प्रत्येक उड्डाणाच्या नोंदी सुरक्षा विभागाकडे जातात. त्यामुळे विमान वर नेणाऱ्या वैमानिकाप्रमाणेच, अस्थिर अवस्थेतही ते उतरवणारा वैमानिकही तेथे दिसतो. या दोघांपैकी स्पष्टीकरण कोणाकडे मागितले जाते, यावरून त्या कंपनीची सुरक्षा-संस्कृती ओळखता येते. जगभरातील कंपन्यांप्रमाणे भारतीय कंपन्यांच्या नियमावल्यांतही गो-अराउंडबद्दल वैमानिकाला दोष न देण्याचे धोरण असते. पहिला प्रकार घडल्यावर वैमानिकाला इंधनाविषयी विचारणा झाली, तर नियमावलीतील ते वाक्य दुसऱ्या दिवशी सर्वांच्या विस्मरणात जाते.