आधी भरा, मग कर्ज? : ‘फाइल चार्ज’बद्दलचे काही पक्के गैरसमज

ऊस कारखान्याला गेलेला असतो, बिल यायचं असतं. बेदाणा कोल्ड स्टोअरेजला ठेवलेला असतो, भाव चढायची वाट असते. आणि मुलीच्या कॉलेजची फी मात्र सोमवारीच भरायची असते. सातारा-सांगलीकडच्या घरांना हे चार-सहा महिन्यांचं अडणं नवं नाही. अशाच वेळी फोन येतो : ‘तुमचं लोन सँक्शन झालंय, फक्त फाइल चार्ज भरा.’ रक्कम दोन हजारांच्या आतबाहेर. ती भरली की जीएसटी, मग विमा, मग आगाऊ हप्ता. कर्ज काही येत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या तऱ्हांवर एक पुस्तिका काढली. तिच्यात हीच साखळी आहे : प्रक्रिया शुल्क, जीएसटी, आगाऊ हप्ता आणि ‘इंटरसिटी चार्ज’. हा शेवटचा शब्द कानाला किती सरकारी वाटतो पाहा.

‘पण प्रोसेसिंग फी तर बँकाही घेतात.’ घेतात, आणि म्हणूनच ही थाप खपते. फरक आहे तो फी कधी आणि कुठून घेतात यात. समजा एक लाखाच्या वैयक्तिक कर्जावर दोन टक्के फी आहे. फी २,००० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ३६० रुपये. सहसा हे २,३६० रुपये कर्जातूनच वळते होतात आणि खात्यात ९७,६४० जमा होतात. जीएसटी फीवर लागतो. मुद्दलावर नाही, कर्जाच्या व्याजावरही नाही. ‘लाखाच्या लोनवर १८ हजार जीएसटी’ असं सांगणारा तिथेच उघडा पडतो. आता खरं सांगायचं तर गृहकर्जाच्या अर्जासोबत काही संस्था आधी शुल्क घेतात, त्यामुळे ‘आधी पैसे मागितले म्हणजे चोरच’ हे सरसकट विधान मी करणार नाही. पण तिथे शाखा असते, पावती असते, शुल्क संस्थेच्या नावाने जातं. कुणाच्या तरी यूपीआय नंबरवर नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँकांना आणि वित्तसंस्थांना ग्राहकाला एक तथ्यपत्रक द्यावंच लागतं. सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर त्यात लिहिलेला असतो, आणि त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. म्हणून फोनवरच्या माणसाला एवढंच म्हणावं : ‘तथ्यपत्रक पाठवा, आणि फी कर्जातून कापून घ्या.’ ज्याच्याकडे लाख रुपये द्यायला आहेत, त्याचं तुमच्या दोन हजारांवाचून काय अडलंय? समोरून उत्तर येतं, ‘सर, सिस्टीममध्ये ते बसत नाही.’ मग फोन ठेवावा.

पूर्वीचा सावकारसुद्धा कापूनच घ्यायचा. खतावर शंभर लिहून हातात कमी टेकवायचा. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे शेतकरी सावकारांच्या वह्या जाळायला उठले आणि १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. आज सांगलीत असलेले तासगाव आणि वाळवा तेव्हा साताऱ्यातच होते. सावकाराने पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, ही सक्ती त्या कायद्यात होती. कागद मागण्याचा हक्क आपल्याकडे इतका जुना आहे. तरी कुळाकडून आधी रोकड मागून मग पसार व्हायचं, हे त्या सावकाराच्या धंद्यात बसत नव्हतं.

‘सावकारापेक्षा ॲप बरं,’ असं तरुण पोरं म्हणतात. शेकडा दहा महिना लावणाऱ्या विनापरवाना सावकारापेक्षा काहीही बरं वाटणारच. पण परवानाधारक सावकाराला २०१४ च्या राज्य कायद्याखाली दर बांधून दिलेले आहेत : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८. परवाना सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तपासता येतो. ॲपचं म्हणाल तर ते प्ले स्टोअरवर दिसतं, याला पुरावा म्हणत नाहीत. नियमाप्रमाणे डिजिटल कर्ज थेट तुमच्या खात्यात यायला हवं, आणि मधल्या ॲपवाल्याचा मोबदला कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायचा असतो, तुम्ही नाही. बँका-वित्तसंस्थांच्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून आहे. तीही अर्धीच तपासणी झाली, कारण भामटे खऱ्या कंपनीचंच नाव लावतात. फोन नंबर त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, आलेल्या मेसेजमधून नव्हे.

‘पत्रावर रिझर्व्ह बँकेचा शिक्का आहे.’ रिझर्व्ह बँक कुणाचं वैयक्तिक कर्ज मंजूर करत नाही, की त्यासाठी ना-हरकत देत नाही. मुद्रा योजनेचंही तसंच. पैसे बँका आणि वित्तसंस्था देतात, मुद्रा थेट देत नाही आणि तिने एजंट नेमलेले नाहीत. शेतीसाठी हवं असेल तर आधी गावची विकास सोसायटी आठवावी. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला राज्याच्या सवलतीमुळे व्याज पडत नाही.

‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नयेत. पतगुणांचा हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रारही फुकट करता येते, आणि ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

राहिला सर्वांत घट्ट समज : अडाणीच फसतात. वाळव्यात ऊसतोड टोळीची उचल घेऊन पसार झालेला मुकादम कुणाला माहीत नाही? त्यात बुडालेले वाहतूकदार व्यवहारात कच्चे नव्हते. हंगाम तोंडावर होता आणि टोळी हवी होती. कर्जाच्या फोनलाही तीच निकड बळी पाडते. शिवाय दोन हजार गेल्यावर ते वाचवण्यासाठी माणूस पाच हजार भरतो.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, ‘उद्या बघू’ म्हणू नये. पैसे ज्या खात्यात जातात ते बहुधा भाड्याने घेतलेलं असतं आणि रक्कम तिथून काही मिनिटांत पुढे सरकते. ती वाटेत असतानाच गोठवता येते. व्यवहार क्रमांक, मेसेज, ते बनावट पत्र, काहीच पुसू नये. आणि थोड्या दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, फक्त फाइल चार्ज भरा’ असा दुसरा फोन आला, तर तो पोलिसांचा नाही. १९३० वर तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत.